उभ्या गाडीचा बंदोबस्त

शेवटचा कलाकार चेहऱ्यावरचा रंग उतरवून निघून गेला, केशभूषेच्या बाईंनी आपली पेटी आवरली आणि जनरेटरवाल्याने यंत्र बंद करण्यापूर्वीची हाक दिली, म्हणजे मी गाडीत शिरतो आणि आरशाखालच्या जमिनीवर, दाराच्या उंबऱ्यापाशी व कपड्यांच्या कपाटाच्या तळाशी शंखजिऱ्याची पूड पिठाच्या चाळणीने अगदी पातळ अशी पसरून ठेवतो. सकाळी कुलूप उघडल्यावर बॅटरीचा झोत आडवा धरून त्या पुडीवर रात्रीतून काय उमटले आहे ते वाचायचे आणि मगच दुसऱ्या कामाला हात घालायचा, हा माझा वीस वर्षांहून अधिक काळचा शिरस्ता आहे. उंदराच्या पुढच्या पावलाला चार बोटे असतात आणि मागच्याला पाच, व दोन्ही पावलांच्या मधून शेपटीची रेघ गेलेली असते. चिचुंद्रीच्या चारही पावलांना पाच बोटे असतात. झुरळाची वाट म्हणजे सुईने टोचल्यासारख्या बारीक ठिपक्यांच्या ओळी. जे दिसेल ते नोंदवहीत गाडीच्या क्रमांकापुढे लिहायचे, आणि काहीच दिसले नाही तर सरकारी दफ्तरातल्याप्रमाणे ‘निरंक’ एवढा एकच शब्द लिहायचा.

ही गाडी म्हणजे चित्रीकरणाच्या ठिकाणी उभी असणारी व्हॅनिटी व्हॅन. १९९० च्या दशकाच्या आरंभी अभिनेत्री पूनम ढिल्लन यांनी हा प्रकार आपल्या चित्रसृष्टीत आणला. तत्पूर्वी बाह्यचित्रणाला गेलेल्या स्त्रियांना झाडाआड चादरी धरून वस्त्रे बदलावी लागत, हे त्या काळी ज्यांनी त्या चादरी धरल्या अशा ड्रेसदादांच्या तोंडून मी ऐकलेले आहे, आणि म्हणूनच या गाडीकडे ऐषआरामाची वस्तू म्हणून पाहणे मला कधीच जमले नाही. बसच्या किंवा मालट्रकच्या चेसिसवर लोखंडी नळ्यांचा सांगाडा उभारायचा, त्याला बाहेरून पत्रा व आतून प्लायवुड लावायचे आणि दोहोंच्या मधल्या पोकळीत उष्णता अडविण्यासाठी थर्मोकोल किंवा काचलोकर भरायची, अशी तिची सर्वसाधारण रचना असते. आत आरसा, कपाट, कोच, वातानुकूलन यंत्र आणि शौचकूप, व तळाशी पाण्याच्या व सांडपाण्याच्या टाक्या. उष्णता, अंधार, मऊ अंथरूण, अन्नाचा कण आणि पाण्याचा थेंब या पाच गोष्टी जेथे एकत्र आल्या तेथे उंदीर येणारच, आणि येथे तर पत्र्याच्या व प्लायवुडच्या मधली ती चार बोटांची पोकळी त्याला आयतीच मिळते. एकदा का तो तीत शिरला, की सबंध भिंत उकलल्यावाचून त्याला बाहेर काढता येत नाही.

आमचे आवार अंधेरी पूर्वेला, मरोळहून आरे वसाहतीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला होते. मी १९९८ साली तेथे मदतनीस म्हणून लागलो व पुढे गाड्यांची देखरेख माझ्याकडे आली. काम असले म्हणजे गाड्यांचा मुक्काम गोरेगावच्या दादासाहेब फाळके चित्रनगरीत, मढला, नाहीतर मुलुंड-भांडुपकडच्या एखाद्या बंद कारखान्याच्या आवारात. काम नसले म्हणजे त्या आवारातच ओळीने उभ्या. या दोन अवस्थांतील फरक कळायला मला पाच वर्षे लागली. जी गाडी रोज हलते, जिची दारे दिवसातून शंभरदा उघडतात, जिच्यात माणसे बोलतात, चालतात, कपाटे ओढतात, तिच्यात उंदीर शिरला तरी ठरत नाही. उभ्या गाडीत मात्र तो तिसऱ्याचौथ्या रात्री येतो आणि आठवड्यात संसार मांडतो. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणल्यापासून बोरिवली-मुलुंडकडच्या दोन-तीन गृहस्थांनी आपापल्या फिरत्या घरांविषयी माझ्याकडे विचारणा केली. सुटीचे दहा दिवस सोडले तर त्यांची गाडी वर्षभर इमारतीच्या आवारात झाकून ठेवलेली असते, आणि तिच्या छताची, चाकांची, बॅटरीची काळजी वाहणारे हे सद्गृहस्थ तिच्या पोटाखाली एकदाही वाकून पाहत नाहीत. मी त्यांना प्रथम सांगतो ते हेच, की गाडी झाकून ठेवू नका, आठवड्यातून एकदा तरी सुरू करा, दारे उघडा, आत जाऊन बसा.

हे मी ज्या प्रसंगाने शिकलो तो २००३ च्या श्रावणातला आहे. एका मराठी मालिकेसाठी आमची एक गाडी चित्रनगरीत पाठवायची होती; ती त्यापूर्वी अकरा दिवस आवारात उभी होती. गाडी रवाना करण्यापूर्वी तपासणीचा छापील तक्ता भरावा लागे. त्या दिवशी पावसाची झड लागलेली, गाडीखाली घोटाभर चिखल. ‘तळ तपासला’ या रकान्यापुढे मी गाडीखाली न जाताच सही केली. ती कसूर सर्वस्वी माझी होती. दुसऱ्या दिवशी त्या मालिकेत आजीची भूमिका करणाऱ्या ज्येष्ठ अभिनेत्रींनी एका लग्नप्रसंगासाठी घरून आणलेली पैठणी सायंकाळी कपाटाच्या खालच्या कप्प्यात घडी करून ठेवली, कारण त्या प्रसंगाचे चित्रण दोन दिवस चालायचे होते. सकाळी त्यांनी कप्पा ओढला आणि मला हाक मारली. पदराच्या बाजूची घडी कुरतडून तिचे रेशीम पिंजलेले होते. त्या रेशमात कापूस, कोचातला फोम आणि संवादांच्या कागदांचे बारीक तुकडे मिसळून नारळाएवढे वाटोळे घरटे केलेले होते. एका तुकड्यावर शाईने अधोरेखित केलेला ‘सूनबाई’ हा शब्द मला अजून दिसतो. घरट्यात सहा पिल्ले होती, गुलाबी, डोळे न उघडलेली, कातडीतून पोटातले दूध दिसावे इतकी कोवळी. त्या बाईंनी आधी पिल्लांकडे पाहिले, मग पदराकडे. “दादा, ही आईची होती हो,” एवढेच त्या म्हणाल्या, आणि दुसरी साडी नेसून वेळेवर चित्रणाला उभ्या राहिल्या. तक्रार त्यांनी कोणाकडेच केली नाही. ते घरटे मी डब्यात घालून झाडीच्या कडेला नेऊन ठेवले. ती पिल्ले जगणार नाहीत हे मला ठाऊक होते.

आवाराभोवतीच्या बिळांसाठी आम्ही महानगरपालिकेच्या के/पूर्व विभागाकडे अर्ज केला. कीटकनियंत्रणाची माणसे आली, त्यांनी बिळांत गोळ्या सारून ती चिखलाने लिंपली व पुढे कोणती काळजी घ्यायची ते नीट समजावून सांगितले. परंतु माझा खरा गुरू मला त्यानंतर काही दिवसांनी अंधेरीच्या बाजारात रात्री दोनच्या सुमारास भेटला. पालिकेचे रात्रपाळीचे उंदीर मारणारे कामगार पुष्कळांनी पाहिलेलेही नसतील. एका हातात काठी, दुसऱ्या हातात बॅटरी, रात्रीला तीस उंदरांचे मान, आणि सगळे काम नि:शब्द. ते गृहस्थ पन्नाशीचे होते. त्यांनी चहा घेता घेता माझी सगळी हकिकत ऐकून घेतली आणि म्हणाले, “भाऊ, उंदराला मोकळी जागा नको वाटते. तो भिंत धरून चालतो. तुम्ही भोक शोधत बसू नका, वाट शोधा; वाटेच्या शेवटी भोक असतंच.” वाट कशी ओळखायची, असे मी विचारले तेव्हा त्यांनी बॅटरीचा झोत समोरच्या गाळ्याच्या भिंतीवर टाकला. जमिनीपासून दोन बोटे उंचीवर तेलकट काळसर असा एक पट्टा सरळ रेषेत गेलेला होता. असंख्य रात्री असंख्य अंगे तेथे घासून गेल्याची ती खूण होती. मी त्या गाळ्यावरून शेकडो वेळा गेलो असेन. तो पट्टा मला कधी दिसला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी गोणपाट अंथरून गाडीखाली पाठीवर निजलो आणि तसाच पट्टा शोधू लागलो. तो मिळाला. मागच्या चाकाच्या कमानीवरून चेसिसच्या लोखंडी पट्टीवर, तेथून सांडपाण्याच्या नळीच्या बाजूने तो वर चढला होता, आणि जेथे ती नळी जमिनीच्या प्लायवुडमधून आत जात होती तेथे नळीपेक्षा भोक अंगठ्याएवढे मोठे पाडून कारागिराने ते तसेच सोडून दिले होते. त्या दिवसापासून मी खिशात एक शिसपेन्सिल बाळगतो. जेथे पेन्सिल शिरते तेथे लहान उंदीर शिरू शकतो, कारण सहा मिलिमीटरची फट त्याला पुरते. जेथे अंगठा शिरतो तेथे मोठा उंदीरही जातो. या मापाने पाहू लागल्यावर एका गाडीला एकवीस भोके निघाली: वातानुकूलन यंत्राचे पाणी गळण्याची नळी, मागच्या दिव्यांच्या तारांची वाट, गिअरच्या दांड्याभोवतीचे फाटलेले रबर, बॅटरीच्या पेटीची मागची बाजू, आणि बाकीची अशीच.

भोके बुजविण्याच्या कामी माझे पहिले वर्ष चुका करण्यात गेले. फवाऱ्याचा फोम भरला, तर उंदराने तो पोखरून त्यातच बिछाना केला. लाकडी चकत्या ठोकल्या, त्या कुरतडल्या गेल्या. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढतच राहतात, त्यामुळे कुरतडण्यावाचून त्याला गत्यंतर नसते. त्याच्यापुढे मऊ वस्तू ठेवणे म्हणजे त्याला काम नेमून देणे होय. साध्या लोखंडी तारेचा चुरा तेवढा टिकला, पण मुंबईच्या एका पावसाळ्यात गंजून तो मातीसारखा गळून पडला. अखेरीस जे टिकले ते असे: भांडी घासण्याची न गंजणारी तारेची घासणी भोकात दाबून बसवायची, तिच्यावर एम-सील लिंपायचे, आणि त्यावरून बारीक भोकांची पोलादी जाळी चहूबाजूंनी रिबिटा मारून पक्की करायची. नळ्यांच्या तोंडांना मात्र केवळ जाळी, कारण तेथून पाणी वाहिले पाहिजे. आणि ती जाळी दर आठवड्याला झाडायची, नाहीतर पाणी तुंबून प्लायवुड कुजते आणि उंदराऐवजी वाळवीची सोय होते.

एक वाट मात्र बुजविता येण्याजोगी नव्हती. चित्रीकरणाच्या जागी जनरेटरपासून गाडीपर्यंत मनगटाएवढी जाड केबल जमिनीवरून येते व गाडीच्या कुशीतल्या झडपेतून आत शिरते. केबल आहे तोवर झडप पुरती मिटत नाही, आणि उंदीर तर दोरीवरून डोंबाऱ्यापेक्षा सहज चालतो. यावरचा उपाय मला माझ्या वडिलांच्या आठवणीतून मिळाला. वडील गोदीत कामाला होते. आम्ही घाटकोपरला एका चाळीत राहत असू, आणि रविवारी कधीमधी ते मला धक्क्यावर घेऊन जात. जहाजांच्या जाड दोरखंडांवर पत्र्याच्या मोठ्या वाटोळ्या थाळ्या अडकविलेल्या असत. त्या कशासाठी, असे मी विचारले तेव्हा वडील म्हणाले होते, “त्या उंदरांच्या जकातनाक्याच्या आहेत.” पुढे त्यांनी १८९६ च्या प्लेगची हकिकत सांगितली: गोदीलगतच्या मांडवीत तो प्रथम कसा उद्भवला, डॉ. अकॅसिओ व्हिएगस यांनी तो कसा ओळखला, हाफकिन यांनी १८९७ च्या जानेवारीत आपली लस स्वतःलाच कशी टोचून घेतली. १८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टराने उंदराच्या अंगावरील पिसवेवर बोट ठेवले, हे मी नंतर वाचले. जहाजावरचा उंदीर शहरात व शहरातला जहाजावर जाऊ नये म्हणून ती थाळी. तिच्या कडेवरून त्याला पलीकडे वळता येत नाही. मी साकीनाक्याच्या एका पत्रेवाल्याकडून दीड हात व्यासाच्या, मधोमध भोक असलेल्या, बिजागरीने उघडणाऱ्या चकत्या करवून घेतल्या आणि झडपेच्या अलीकडे केबलवर, जमिनीपासून पुरेशा उंच अशा बसविल्या. जनरेटरवाले प्रथम त्यांना कंटाळले. आता चकती विसरली तर तेच आठवण करतात.

मारण्याविषयी माझे मत कालांतराने बदलत गेले. विष मी दोन वर्षे वापरले. विषाने मेलेला उंदीर गाडीच्या भिंतीत मरतो आणि त्या गाडीत पंधरा दिवस कोणाला बसवत नाही, ही अडचण तर आहेच. परंतु चित्रनगरी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून आहे, तेथे गव्हाणी घुबडे रात्री शिकारीला येतात, आणि विष खाऊन मंदावलेला उंदीर त्यांच्या सहज हाती लागतो. एके पहाटे जनरेटरच्या चाकापाशी पंख पसरून पडलेले, पांढऱ्या हृदयाकृती चेहऱ्याचे एक घुबड मला दिसले. ते कशाने मेले हे मी सिद्ध करू शकत नाही, पण त्या दिवसानंतर मी विष आणले नाही. चिकट पुठ्ठा एकच रात्र लावला. सकाळी त्यावर जिवंत असलेल्या प्राण्याची जी अवस्था पाहिली ती लिहिण्याची माझी इच्छा नाही. डांबरगोळ्या, तंबाखूच्या पुड्या, कर्कश ध्वनी काढणारी यंत्रे हे सगळे लोक मोठ्या विश्वासाने सांगतात. चार दिवस वास नवा असतो तोवर उंदीर बिचकतो, मग त्याच तंबाखूवर लेंड्या पडलेल्या आढळतात. उरला पिंजरा. मोठा उंदीर नव्या वस्तूला भितो, म्हणून पिंजरा प्रथम चार रात्री दार बांधून, उघडाच, त्याच्या वाटेवर भिंतीला लावून ठेवावा व आत भाजलेल्या सुक्या बोंबलाचा तुकडा घालावा; तो निर्धास्तपणे खाऊन जाऊ लागला म्हणजे पाचव्या रात्री कळ लावावी. आमचे एक कोकणातले चालक गणेशोत्सवाच्या दिवसांत पिंजऱ्याला हात लावीत नसत. त्या दिवसांत ते गाडीच्या फटी दुपटीने तपासत, म्हणजे उंदीर आत येण्याची व पुढच्या पापाची वेळच येऊ नये. मला त्यांची ही रीत सर्वांत शहाणपणाची वाटते.

झुरळे, मुंग्या, ढेकूण यांचा मामला त्या मानाने सोपा आहे. झुरळे खोक्यांतून येतात, म्हणून पुठ्ठ्याचे खोके गाडीत राहू द्यायचे नाही. ढेकूण भाड्याने आणलेल्या गाद्यांतून येतात, म्हणून गादी उन्हात पडल्यावाचून आत घ्यायची नाही. उष्टे मात्र सर्वांचेच मूळ आहे. कोचाखाली सरकवून दिलेली ताटली, अर्धे खाल्लेले बिस्कीट, शौचकुपाच्या कोपऱ्यात ठेवलेला चहाचा पेला. मी कलाकारांना हात जोडून सांगत आलो की ताटली दारात ठेवा, मी उचलीन. येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. रात्रीचे चित्रण संपून शेवटची लोकल चुकली म्हणजे काही स्पॉटदादा गाडीतच जमिनीवर झोपतात. मालकांची त्यास मुभा नसते. मी त्यांना कधी उठविले नाही. ज्या गाडीत माणूस निजतो तेथे उंदीर सहसा येत नाही हे एक, आणि डोंबिवलीपलीकडे राहणाऱ्या माणसाने रात्री दोन वाजता जावे तरी कोठे हे दुसरे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या रात्री आमच्या आवारात अशीच सात माणसे तीन गाड्यांत होती, आणि बिळांत पाणी शिरल्याने बाहेर पडलेले उंदीर चाकांवर बसलेले त्यांनी पाहिले. त्यानंतर शहरात लेप्टोस्पायरोसिसचा ताप पसरला. उंदराच्या मूत्रातील जंतू पाण्यातून पायाच्या साध्या खरचटलेल्या जागेवाटे शरीरात जातात, हे तोवर आम्हांला ठाऊक नव्हते. तेव्हापासून गाडीखाली जायचे ते रबरी बूट व हातमोजे घालूनच, आणि लेंड्या कोरड्या झाडायच्या नाहीत, आधी ब्लीचिंग पावडरीच्या पाण्याने भिजवायच्या, असा नियम मी घातला व तो मोडणाऱ्यावर मी खरोखर रागावतो.

करोनाच्या साथीमुळे १९ मार्च २०२० पासून चित्रीकरणे थांबली. आदल्या रात्री, म्हणजे १८ तारखेला, मी आवारातल्या नऊही गाड्यांत पूड चाळून ठेवली होती. चार-आठ दिवसांत काम पुन्हा सुरू होईल अशीच सर्वांची समजूत होती. नंतर लोकल बंद झाल्या, मेट्रो बंद झाली, आणि घाटकोपर ते मरोळ एवढे अंतर मला दुर्लंघ्य झाले. आवाराचा रखवालदार तेथेच राहत असे. मी त्याला रोज दूरध्वनी करून सांगे, की एकेका गाडीचे दार उघड, दिवा लाव, पुडीवर पाय न देता दारातल्या पायरीवर दहा मिनिटे बस. तो नऊ गाड्यांपुढे दीड तास बसे आणि रात्री मला कळवी. मे महिन्याच्या मध्याला तो आपल्या गावी जाणाऱ्या गाडीने निघून गेला, आणि त्याला थांब म्हणण्याचा अधिकार मला नव्हता. त्यानंतर सहा आठवडे त्या आवारात कोणीच नव्हते.

जूनच्या अखेरीस बसने मी तेथे पोहोचलो तेव्हा गवत गुडघ्यापर्यंत आले होते. ज्या दोन गाड्या मार्चमध्ये दुरुस्तीवरून नुकत्याच आल्या होत्या आणि ज्यांच्या भोकांचे काम माझ्याकडून राहिले होते, त्यांची दारे उघडताच वास अंगावर आला. वातानुकूलन यंत्राच्या तारांवरचे आवरण हातभर लांबीपर्यंत सोलून नागडे तांबे दिसत होते. तशीच वीज जोडली असती तर गाडीने पेट घेतला असता. कोच पोकळ झाला होता. आणि आरशाच्या कडेला, दिव्यांच्या ओळीखालून कपाटापर्यंत, धामणीची चार-साडेचार हात लांबीची कात अखंड पडलेली होती, डोळ्यांवरच्या पारदर्शक खवल्यांसह. उंदरांच्या मागोमाग तीही त्याच भोकातून आली असली पाहिजे, आणि पोट भरल्यावर निघून गेली असली पाहिजे.

उरलेल्या सात गाड्या मी एकेक करून उघडल्या. सर्वांत शेवटी ती जुनी गाडी, जिच्यात २००३ साली ते घरटे निघाले होते. तिचे कपाट आता नवे आहे, जमीन दोनदा बदलली आहे. मी दारातच ओणवा झालो आणि बॅटरी आडवी धरली. मार्चमधली पूड दमट हवेने किंचित करडी पडली होती, तिच्यावर तीन महिन्यांची धूळ बसली होती, एका पालीची शेपटी भिंतीलगत नागमोडी रेघ ओढून गेली होती, आणि उंबऱ्यापाशी, मागे सरत बाहेर पडताना चुकून पडलेला, माझ्याच चपलेच्या टाचेचा अर्धा ठसा होता. मी पायरीवर बसून नोंदवही उघडली, १८ मार्चच्या ओळीखाली त्या दिवसाची तारीख घातली, दोन गाड्यांपुढे तपशील लिहिला व सातांपुढे ‘निरंक’ असे लिहिले. मग गोणपाट आणि पेन्सिल घेऊन त्या दोन गाड्यांच्या खाली गेलो.